राजूर घाटातलं पाणी

ऐक ना वं रेणुका, आधी नुसतं ऐकून घे, मधात बोलू नको. तू तिकडं पुण्यात, तुले काहीच माहीत नाई, अन् इथी मोताळ्यात जो तो आपापली गोष्ट सांगून राह्यला. कोणी म्हणते महामाया हारली. कोणी म्हणते तिले मुद्दाम बाद केलं. कोणी तर म्हणते चक्कर येऊन पडली अन् दवाखान्यात नेलं. सगळं खोटं हाये. मी होती तिथी, टेम्पोत होती, घाटात होती, शेवटी बुलडाण्यालेही होती. म्हणून मीच सांगते.

महामाया आठवते ना? आपल्या एक वर्ग पुढं होती, रोहिणखेडची, गुलाबरावची पोरगी. गुलाबराव म्हणजे भाजीचा टेम्पो चालवते ते, मोठ्या मिशावाले. हाव, तीच. आता ती मोताळ्यात मेडिकलवर कामाले हाये. लोक रोहिणखेडवरून एसटीची वाट पाहत बसते अन् हे बाई सायकलवर येते, सायकलवर जाते.

तर झालं काय, मागच्या वर्षी मेडिकलसमोर सायकलवाले येऊन थांबले. हेल्मेट, चष्मे, चिकटलेले कपडे, आपण ज्याइले हसतो तसे. बुलडाण्याचा ग्रुप हाये त्याइचा. वामनराव सर हायेत ना, रिटायर झालेले पीटीचे सर, ते चालवते. त्याइले दुखण्याचा स्प्रे पाहिजे होता. महामाया काउंटरवर. तिनं विचारलं, "कुठून आले सर?" ते म्हणे, "लोणारवरून." "अन् चालले कुठी?" "शेगावले." "कायच्यासाठी?" तर वामनराव सर हसले अन् म्हणे, "असंच."

बस. त्या 'असंच'नं पोरगी पार येडी झाली, सांगते तुले. मले संध्याकाळी म्हणे, "अनु, आपण जन्मात कधी कुठी असंच गेलो का वं? शाळेत गेलो, दळणाले गेलो, परीक्षेले गेलो, कोणाच्या लग्नाले गेलो. पण असंच?" मी म्हटलं, मी तर असंच तुह्या मेडिकलवर येऊन बसते रोज. तर म्हणे, "तुहं वेगळं हाये, तू रिकामीच हायेस."

मंग तिनं माहिती काढली. दर डिसेंबरात ह्या ग्रुपची तीनशे किलोमीटरची राइड असते. बुलडाणा, लोणार, शेगाव अन् परत बुलडाणा, सगळं ठरल्या वेळात. बक्षीस नाई, पहिला-दुसरा नंबर नाई, वेळेत आले म्हणजे झालं. पण असं कोणालेही उभं राहू देत नाई. आधी दोनशेची राइड वेळेत पूर्ण केलेली पाहिजे. दोनशे नाई तर तीनशे नाई. अन् आतापर्यंत आपल्या तालुक्यातली एकही पोरगी तीनशेले उभी राह्यली नाई. महामायानं ठरवलं, पुढच्या डिसेंबरात मी उभी राहीन.

जुनी गिअरची सायकल घेतली अन् सुरू केलं. पहाटे सायकल, मंग मेडिकल, मंग पुन्हा सायकल. मी मागं स्कूटीवर. माह्या हातात पाणी, केळं अन् मोबाइल. मोबाइल कायले? तिचे फोटो काढाले. तिनं एकही पाह्यला नाई कधी.

पहिलं लफडं गुडघ्याचं झालं. सीट गुलाबराव काकानं बसवून देली होती, एकदम खाली. त्याइचं म्हणणं एकच, "पाय जमिनीले टेकले पाहिजे. बाईमाणूस हाये, तोल गेला तर?" आता सीट खाली म्हणजे गुडघा पोटाले लागून राह्यला. ती बिचारी तशीच दामटे. एक दिवस गुडघा असा सुजला, जसा नारळ. महिनाभर सायकल बंद! काउंटरवर उभं राहाले होईना, स्टुलावर बसून गोळ्या विके, अन् दुसऱ्याले दुखण्याचा मलम देता देता एक बोट आपल्या गुडघ्याले लावे. लोक म्हणे, मॅडम, मलम चांगला हाये का? ती म्हणे, मीच लावून राह्यली ना.

मंग तिनं वामनराव सराइले फोन केला, अन् सराइनं फोनवरच सांगतलं, सीट वर घे. घेतली वर. तर गुलाबराव काका अंगणात येऊन पाह्यते अन् म्हणते, "ओ बाई! अष्टशीलात उंच आसनावर बसाले बंदी हाये, अन् तुही सीट कुठी गेली पाय!"

थांब, तुले अष्टशील माहीत नसन. त्याइच्या घरी वर्षावास पाळते. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत. विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन, अन् दर पौर्णिमेले महामायाची माय, चांगुणाबाई, पांढरं पातळ नेसून दिवसभरासाठी आठ शीलं घेते. खोटं बोलायचं नाई, दागिने-अत्तर नाई, उंच मऊ आसनावर बसायचं नाई, अन् मोठं म्हणजे बारा वाजल्यानंतर काहीच खायचं नाई. पाणी चालते, गाळलेला रस चालते. बाकी काही नाई, अगदी दूधही नाई. महामाया बारावीपासून मायसोबत घेते. कोणी सांगतलं नाई, तिनंच घेतलं. दोघी माय-लेकी सोबत विहारात बसते, पौर्णिमेले.

तर बापानं सीटवरून टोमणा मारला. महामाया म्हणे, "बाबा, ते आरामाच्या आसनाले बंदी हाये. या सीटवर एक चक्कर मारून पाय, मंग सांग आराम कुठी हाये ते." काका खरंच बसले वं! अंगणात अर्धी चक्कर मारली, उतरले, कमरेवर हात ठेवला, अन् म्हणे, "हाव. हे शीलात बसते."

दुसरं लफडं मक्याचं. भादव्यात त्या मोहेगावच्या अंगानं, तुले माहीत हाये, लोक डांबरी रस्त्यावरच मका वाळू घालते. अर्धा रस्ता पिवळा. गाड्या अर्ध्यातून जाते-येते, अन् सगळ्याइले वाटते रस्ता आपल्या मक्यासाठीच बांधला. महामाया उतारावरून आली, समोरून ट्रॅक्टर, हिनं सायकल मक्यात घातली. अन् मका म्हणजे गोट्याच ना! ती अशी घसरत गेली, अशी घसरत गेली, की मी मागं स्कूटीवर बसल्या जागी ओरडली. कोपर सोललं, चड्डी फाटली, सायकलचं हँडल वाकडं. अन् बाजूच्या झोपडीतून म्हातारी धावत आली, सरस्वतीबाई नाव तिचं, मले वाटलं उचलाले आली. कायची! ती म्हणे, "माही मका! सगळी मका मातीत घातली ना वं भवाने!" महामाया तशीच रक्ताळलेली खाली बसली अन् मका गोळा कराले लागली. मुठीमुठीनं. मंग म्हातारीनं तिचं कोपर पाह्यलं. "अवं, तुले तर लागलं!" म्हणे, अन् घरात पळाली, हळद आणली, दाबून भरली, अन् वरून चहा. जाताना म्हणे, "उद्या येशील तर या बाजूनं ये, मी मका त्या बाजूले सरकवते." अन् खरंच दुसऱ्या दिवशी तिनं वळणावरची मका सरकवून ठेवली होती. महामायासाठी रस्ता मोकळा! पण कोपर काही बरं होईना, हँडल धरलं की खपली फुटे. आठवडा गेला त्यात.

पण खरं लफडं तिसरं. ते नीट ऐक, त्यावरच सगळं हाये.

भाद्रपद पौर्णिमा होती, अन् त्या दिवशी मेडिकलले सुट्टी. ती म्हणे, आज मोठी राइड मारते, शेगाव जाऊन परत, अन् शेवटी राजूर घाट चढून बुलडाणा. मी म्हटलं, आज तर तुहं अष्टशील हाये ना? ती म्हणे, "हाव, बाराच्या आत खाऊन घेईन." तिले वाटलं पौर्णिमेले तर नेहमीच राहतो, काय होते. पण घरी बसून राहणं वेगळं अन् घाट चढणं वेगळं. सकाळी तिनं विहारात शील घेतलं, मंग निघाली. शेगावात बाराच्या आत दोन पोळ्या खाल्ल्या. बस. त्याच्यानंतर नुसतं पाणी.

नांदुऱ्यापर्यंत ठीक होती. मोताळ्यापासून हळू झाली. राजूर घाटात तिसऱ्या वळणावर मी मागून पाह्यलं, तर सायकल सापासारखी चालून राह्यली. मंग थांबली. कठड्याले सायकल टेकवली, खाली बसली, अन् बाटलीचं झाकणही तिले उघडता येईना! तोंड पांढरंफट. मी पळत जाऊन बिस्किटाचा पुडा फोडला, अन् तिच्या तोंडाशी धरला. रेणुका, तिची नजर त्या बिस्किटावर अशी खिळली होती ना, की मले रडू आलं. पण तोंड उघडलं नाई. म्हणे, "आज नाई." मी म्हटलं, "अवं, तुहा जीव चालला! तुह्या भगवंताले काय, तू मेली पाहिजे का?" ती म्हणे, "त्याइनं नाई सांगतलं. मी घेतलं." अन् मान खाली घातली. मंग एक पिकअपवाला थांबला, त्याच्यात सायकल टाकली, अन् परत.

परत येताना ती एकच वाक्य बोलली. "अनु, दोनशेची तारीख कोणती हाये पाय."

मी पाह्यली. आश्विन पौर्णिमा.

आता पाय! वर्षभरात एवढे दिवस, अन् ग्रुपनं दोनशे ठेवली नेमकी त्याच दिवशी. त्याइचं काय, कोजागिरी हाये, राइड संपल्यावर मसाला दूध पिऊ, असा त्याइचा बेत. अन् हिच्या वर्षावासाची शेवटची पौर्णिमा.

चांगुणाबाईनं साफ सांगतलं, "तू या वेळी घेऊ नको. शील जबरदस्तीचं नसते." विहारातल्या भंतेजीनंही तेच सांगतलं. महामायानं दोघाइचं ऐकून घेतलं अन् म्हणे, "तीन पौर्णिमा घेतल्या. चौथी राइडसाठी सोडली तर मंग राइडच मोठी झाली ना? मले दोन्ही पाहिजे." मी म्हटलं, दोन्ही कोणालेच भेटत नसते. ती म्हणे, "मंग पाहू."

अन् मंग तिनं जे केलं ना, त्यासाठी मी तिले मानते. रडली नाई, नवस नाई, काही नाई. शिकाले बसली. बाराच्या आत किती खायचं, काय खायचं. मुगाची खिचडी, भाकर, शेंगदाण्या-गुळाचे लाडू, हे एकदम नाई, थोडं थोडं, पहाटेपासून. अन् बारानंतर गूळ, लिंबू, मीठ घातलेलं पाणी, मायच्या पातळाच्या फडक्यातून गाळलेलं. रोज ती बारानंतर काही न खाता सायकल चालवून पाहे. कधी पोटात मुरडा, कधी ओकारी. एकदा नळगंगेच्या पुलावर थांबून सगळे लाडू बाहेर. मी म्हटलं, झालं आता. ती तोंड धुवून म्हणे, "दोन लाडू जास्त झाले. उद्या कमी." असं करत करत एक दिवस ती बारानंतर नुसत्या गूळपाण्यावर घाट चढली! वर पोचली अन् मले मिठी मारली, पूर्ण घामानं ओली. मी म्हटलं, शी! अन् मीच रडली.

मंग राइडचा आदला दिवस. तिनं घरच्याइले सांगतलं, "उद्या रस्त्यात कोणी यायचं नाई. यायचंच असन तर शेवटी बुलडाण्याले या." बस एवढंच. काऊन ते नाई सांगतलं. अन् आपल्याइकडं कसं असते, लग्नाच्या पत्रिकेवर छापलेलं असते आहेर आणू नये, तर कोणी खाली हातानं जाते का? आमाले वाटलं, लाजून म्हणून राह्यली. लोकाइले त्रास नको म्हणून.

राइडच्या दिवशी ती पहाटेच शील घेऊन बुलडाण्यावरून निघाली. घाट उतरून मोताळा, नांदुरा, शेगाव, तिथून अकोट रोडनं पुढं जाऊन, परत त्याच रस्त्यानं. मधात ठरलेली ठिकाणं असते, तिथी कार्डावर शिक्का मारून घ्यायचा. येताना शेवटचा शिक्का मोताळ्यात. मंग घाट, मंग बुलडाणा.

दुपारी चांगुणाबाईचा मले फोन. "अनु, ती मागं घाटातच बसली होती ना? तिसऱ्या वळणावर?" मी म्हटलं, हाव. ती म्हणे, "मंग आपण तिथीच जाऊ." गुलाबराव काकानं टेम्पो काढला. मागं विहारातल्या सगळ्या बाया, पांढऱ्या पातळात, मेथीच्या कॅरेटवर बसलेल्या. तांब्याभर गूळपाणी, वर फडकं बांधलेलं. मीही चढली. मोताळ्यातून गेलो आम्ही, जिथी शिक्का मारत होते त्याच चौकातून गेलो. तिथी थांबलो असतो तर ही गोष्टच झाली नसती, सांगते तुले.

ऊन कसं होतं म्हणून सांगू! आक्टोबरचं, चटके देणारं. आम्ही वळणावर उभे. इकडं तिचे हाल वेगळेच सुरू होते. शेगावच्या पुढं दोनदा पंक्चर झालं होतं, बाभळीचा काटा. बसून बसून तिनंच काढले. त्याच्यात वेळ गेला अन् गूळपाणी तिथंच संपलं. मोताळ्यात नुसता शिक्का मारून घेतला अन् थांबलीच नाई, घाट वेळेत चढला पाहिजे म्हणून.

खालून आली ती. मी आधी ओळखलंच नाई. तोंडावर मिठाचे पांढरे ओघळ, ओठ फुटलेले, अन् सायकल पुन्हा तशीच, सापासारखी. चांगुणाबाई रस्त्याच्या मधात जाऊन उभी राह्यली. तांब्या पुढं केला. "पे, बाई."

महामाया थांबली. एक पाय खाली टेकवला. तांब्याकडं पाह्यलं, मंग मायकडं, मंग आमच्याकडं, टेम्पोभर बायाइकडं. मले वाटलं पोरीचं मन भरून आलं.

"कोणी सांगतलं होतं यायले?" एवढंच म्हणे ती.

"कोणी कायले सांगन? माह्या पायानं आली. पे."

मायनंही बारापासून काही खाल्लं नवतं, तिचेही ओठ वाळलेले. अन् ती उन्हात तांब्या धरून उभी. महामाया लय वेळ पाहत राह्यली. मंग तिनं तांब्या घेतला अन् एका दमात पेली. सगळा. संपेपर्यंत तांब्या खाली घेतला नाई. मंग मायच्या हातात परत देला अन् म्हणे, "माय, उन्हात नको उभी राहू. टेम्पोत बस." अन् निघाली. बाया मागून म्हणे, "साधु, साधु, साधु!" मी टाळ्या वाजवल्या, हात लाल होईपर्यंत. काय चढली वं ती! एक वळण, दुसरं वळण, मंग दिसेनाशी झाली.

आम्ही टेम्पोनं बुलडाण्याले पोचलो तर ती पोचलेलीच. वेळेच्या आत! लोक टाळ्या वाजवून राह्यले, पोट्टे फोटो काढून राह्यले, दुधाचं पातेलं उकळून राह्यलं, वेलचीचा वास. वामनराव सर खुर्चीवर, हातात शिक्का. तिचं कार्ड समोर. ते हसून म्हणे, "शाब्बास! तालुक्यातली पहिली! डिसेंबरात भेटू."

अन् ती म्हणे, "सर, थांबा. शिक्का नका मारू. मी घाटात घरच्याइचं पाणी घेतलं."

सर तसेच थांबले, शिक्का हवेत. नियम असा होता, रेणुका, आमाले तिथी समजलं. रस्त्यात स्वतः विकत घे, नळावर पी, काही नाई. पण आपल्या माणसानं येऊन काही द्यायचं असन तर शिक्क्याच्या ठिकाणीच. मधात नाई. घेतलं तर राइड बाद.

सर हळूच म्हणे, "मी तुले विचारलं का?"

"नाई विचारलं."

"मंग? कोणी पाह्यलं तर नाई ना."

"पाह्यलं ना सर. टेम्पोभर बाया होत्या."

पोट्टे हसले. सर म्हणे, "पोरी, दूध पी, दोन मिनिट बस, मंग बोल." ती म्हणे, "दूध आज चालत नाई सर. अन् खोटंही आज चालत नाई. सकाळीच घेतलं मी शील. अर्धं पाळू का आता?" सराइनं पेन काढला. तुले खरं सांगते, त्या माणसाचं तोंड पाहावलं नाई. कार्डावर आडवी रेघ मारली अन् खाली सही केली.

तोपर्यंत चांगुणाबाईले समजलं. ती आली ना धावत! "काय नियम हाये तुमचा? मी माह्या लेकीले पाणी देलं, तुमच्या लेकीचं तर नाई हिसकलं! पाण्यावर बंदी घालणारे लय पाह्यले आमच्या बापजाद्यानं!" वामनराव सर खुर्चीवरून उठून उभे राह्यले.

महामायानं मायचा हात धरला. "माय, हे तसं नाई. हे सगळ्याइले सारखं हाये. सराइची लेक असती तरी रेघ मारलीच असती."

"तुले माहीत होतं?"

"हाव."

"पेतानी माहीत होतं?"

"हाव."

"मंग काऊन पेली?"

महामाया खाली पायरीवर बसली. बूट काढले. म्हणे, "माय, तू नसती आली तर मी तिसऱ्या वळणाच्या पुढं गेलीच नसती. पाय संपले होते माहे. पेली म्हणून पोचली तरी. दोनशे किलोमीटर चालवली मी आज. कार्डावर नाई, पण चालवली ना?" चांगुणाबाई तिच्या बाजूले बसली, तिचे पाय आपल्या मांडीवर घेतले, अन् दाबत राह्यली. बाजूनं लोक दूध पिऊन राह्यले अन् ह्या दोघी तशाच बसलेल्या, उपाशी.

तर डिसेंबरचं असं हाये. तीनशेच्या आधी अकोल्याले अजून एक दोनशे हाये, दुसऱ्या ग्रुपची, तीच एक संधी आता. रस्ता सपाट, पण तिथंही वेळ तेवढाच. तिसऱ्या दिवशीपासून महामाया पुन्हा रस्त्यावर. सरस्वतीबाईची मका आता उचलली, तिथी सोयाबीन हाये. अन् चांगुणाबाई काय म्हणते माहीत हाये? "शिक्का कुठी कुठी मारते ते मले आधी सांग. मी तिथीच उभी राहीन, तसूभर इकडंतिकडं नाई."

पण गावाचं तोंड कोण धरन? मेडिकलवर रोज तेच. अर्धे म्हणते, पाणी घ्यायलेच नको होतं, मायले सांगायचं, बाजूले हो. बाकीचे म्हणते, घेतलं तर घेतलं, सांगाले कायले गेली, कार्डावर शिक्का पडतच होता. गुलाबराव काका तर रोज बाजू बदलते. अन् मी रात्री पडल्या पडल्या विचार करते, माह्यासमोर माही माय अशी उन्हात तांब्या घेऊन उभी असती तर? अन् पुढं शिक्का हातात घेऊन सर हसून राह्यले असते तर? मले तर दोन्हीपैकी एकही जमलं नसतं, खरं सांगते.

तू सांग रेणुका, आता बोल, आता मी गप्प बसते. तू असती तिथी, तिसऱ्या वळणावर, तर तू काय केलं असतं?